धुरातला वाकनीस

मोटारगाडी बाळगणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाचे जे धैर्य कन्येच्या विवाहात, घराच्या हप्त्यांत आणि सहकारी गृहरचना संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतदेखील अभंग राहिलेले असते, ते एखाद्या सकाळी पुढ्यातील फलकावर उगवलेल्या एका चिमुकल्या पिवळ्या दिव्याने पार खचून जाते, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. तांबड्या दिव्याचे तसे नाही. तांबडा रंग स्पष्टवक्ता. तो दिसला की मनुष्य गाडी बाजूला घेतो, किल्ली फिरवितो आणि नशिबाला बोल लावून रिक्षा शोधू लागतो. पिवळा दिवा मात्र सरकारी पत्रव्यवहारातील ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या शेऱ्याइतका मोघम. कार्यवाही कोणी करावी, केव्हा करावी आणि न केल्यास काय होईल, याचा त्यात कोठेही उल्लेख नसतो. त्यातून आम्ही पुण्याचे. चौकातील पिवळा दिवा म्हणजे वेग वाढविण्याची आज्ञा, या संस्कारात आमचा पिंड घडलेला.

या दिव्यावर इंजिनाची आकृती काढलेली असते असे गाडीच्या माहितीपुस्तकात छापलेले आहे. परंतु ज्याने इंजिन प्रत्यक्ष पाहिले आहे त्याला ती ओळखू येत नाही आणि ज्याने पाहिलेले नाही त्याच्या बाबतीत ओळखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या इमारतीतील एका काकूंनी ते कासव आहे असा निर्णय दिला आणि ‘गाडी हळू चालवा’ एवढाच त्याचा अर्थ, असे सांगून विषय संपविला. पुढे जे घडले ते पाहता, उपलब्ध झालेल्या सर्व निदानांत हे निदान सर्वांत कमी खर्चाचे होते, हे काकूंच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

दिवा लागला तो आमचे शेजारी अण्णा यांच्या गाडीत. अण्णा जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कोणत्याही गोष्टीची नस्ती उघडल्याखेरीज तिच्या अस्तित्वास मान्यता न देणारे. त्यांनी त्याच दिवशी दिव्याची नस्ती उघडली, तीत दिवा लागल्याची वेळ, त्या वेळचे किलोमीटर आणि शेजारी बसलेल्या वहिनींची जबानी यांची नोंद केली, आणि लिटरमागे १८ किलोमीटर धावणारी गाडी अलीकडे १५ वर आल्याचा तपशील मागील पेट्रोलच्या पावत्यांवरून काढून त्यास जोडला. अशी सिद्धता झाल्यावर ते अधिकृत दुरुस्तीकेंद्रात गेले. तेथे गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका तरुणाने स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनरची पिन खोचली, पडद्यावर ‘पी ०१७१’ अशी अक्षरे उमटली, आणि ती पुरती उमटण्याच्या आतच त्याने “सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय,” असा निकाल दिला.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या प्रकरणातील सारा अन्याय या एका वाक्यात साठलेला आहे. ‘पी ०१७१’ या संकेताचा अर्थ इतकाच, की इंधनाच्या मानाने हवा अधिक होत आहे अशी इंजिनाच्या संगणकाची समजूत झाली आहे. ती समजूत त्याने सेन्सरच्या अहवालावरून करून घेतली हे खरे. पण अहवाल पाठविणारा दोषी आहे असे त्या संकेतात कोठेही म्हटलेले नाही. सेन्सर स्वतः बिघडला, म्हणजे त्याची आतली तापतार तुटली किंवा त्याच्या हालचाली मंदावल्या, तर त्यासाठी ‘पी ०१३५’, ‘पी ०१३३’ असे निराळे संकेत योजलेले आहेत. गावात चोरी झाल्याची वर्दी देणाऱ्या कोतवालालाच चोर समजून चावडीवर बसवावे, असा हा न्याय. आणि तो आपल्या देशातील बहुतेक गॅरेजांत, संगमरवरी फरशीच्या असोत की पत्र्याच्या, एकाच निष्ठेने चालतो. जुना सेन्सर काढून नवा बसविण्यात आला. बिलाची रक्कम पाच आकडी नव्हती, एवढेच तिच्याविषयी सौम्यपणे म्हणता येईल. अण्णांनी काढलेला भाग लेखी मागणी करून परत घेतला, खाकी पाकिटात घातला, पाकिटावर ‘मुद्देमाल’ असे लिहिले आणि ते नस्तीला टाचले. आठवडा उलटला नाही तोच दिवा पुन्हा लागला.

आता या मुद्देमालाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. वरून पाहिले तर हा सेन्सर म्हणजे मोठ्या स्पार्क प्लगचा धाकटा चुलतभाऊ वाटावा. पण आत झिर्कोनिया नामक चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाची, शिंप्याच्या अंगुस्तान्याएवढी एक टोपी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ मुलामा असतो. टोपीच्या बाहेरून इंजिनाचा जळका धूर वाहतो, आतल्या पोकळीत बाहेरची स्वच्छ हवा असते. ही टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या प्राणवायूत जी तफावत असेल तिच्या मानाने तिच्यात अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न होतो. धुरात प्राणवायू जवळजवळ उरलाच नाही तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर उरला तर ०.१ व्होल्ट, आणि ०.४५ ही सीमारेषा. यामागील समीकरण वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले. याच गृहस्थाने पुढे झिर्कोनियाची कांडी तापवून तिचा विजेचा दिवा केला, तो हक्क विकून चांगले पैसे मिळविले, मोटारींचा शौक केला आणि १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही घेतले. आपले समीकरण, आपला आवडता पदार्थ आणि आपला शौक ही तिन्ही एके दिवशी मोटारीच्या धुराड्यात एकत्र येणार आहेत, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. बॉश कंपनीने असा सेन्सर १९७६ साली बाजारात आणला आणि तो प्रथम बसला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत.

आपल्याकडे त्याचे आगमन कायद्याचे बोट धरून झाले. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्या पेट्रोल गाड्यांना दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचे झाले आणि त्यांच्यासाठी तेथे शिशाविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. कारण शिसे हे कन्व्हर्टर आणि सेन्सर या दोघांनाही सारखेच विषारी. देशभर शिसे हद्दपार व्हायला २००० सालचा फेब्रुवारी उजाडला. चार महानगरांत पुण्याचा समावेश नव्हता, याचे शल्य अण्णांच्या मनात अद्याप आहे, परंतु तो या नस्तीचा विषय नव्हे.

या कन्व्हर्टरचा स्वभाव मोठा कर्मठ. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी आसपास असेल तरच तो आपले काम नीट करतो. ते प्रमाण राखण्यासाठी धुराच्या वाटेवर, कन्व्हर्टरच्या अलीकडे, हा सेन्सर बसविलेला असतो. त्याला गाडीचे नाक म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला विचाराल तर तो वाकनीस आहे. अष्टप्रधानांच्या काळी राज्यातील वर्तमान टिपून ठेवण्याचे आणि ते धन्यापर्यंत पोहोचविण्याचे जे काम वाकनिशीत येई, तेच हा करतो. तो हुजूरला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवितो, की प्राणवायू फार उरला. हुजुरातून हुकूम सुटतो, की पेट्रोल वाढवा. पेट्रोल वाढले की हा कळवितो, प्राणवायू संपला. पुन्हा हुकूम सुटतो, की पेट्रोल घटवा. गरम झालेल्या निरोगी गाडीत ही ये-जा सेकंदास एकदा-दोनदा या गतीने अव्याहत चालू असते. कारभार अगदी बिनचूक आहे असा क्षण त्यात कधीच येत नाही. तो सारखा चुकतो आणि सारखा सावरतो, आणि या अखंड हेलकाव्यासच यंत्रशास्त्रात सुस्थिती म्हणतात. हे वाचल्यापासून आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीविषयी माझे मत बरेच निवळले आहे.

पण या वाकनिशाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे, आणि ती दुरुस्तीकेंद्रातील तरुणाच्या ध्यानात नव्हती. त्याला पेट्रोल कळत नाही. त्याला फक्त प्राणवायू कळतो, आणि तो कोठून आला हेही कळत नाही. इंजिनात जळून उरलेला प्राणवायू आणि वाटेत कोठे भोक पडून बाहेरून घुसलेला प्राणवायू, दोघांची नोंद तो एकाच रकान्यात करतो. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या वाटेला बारीकशी चीर पडली, की तीतून रस्त्यावरची हवा आत येते, वाकनीस इमानाने तिची वर्दी देतो, हुजूर इंजिन उपाशी आहे असे समजून पेट्रोलचा रतीब वाढवितो, गाडी गरज नसताना अधिक पिऊ लागते, आणि तरीही चिरेतली हवा काही कमी होत नाही, म्हणून वर्दी तीच, म्हणून रतीब आणखी. हे असे शेकडा वीस-पंचवीसपर्यंत गेले, की हुजूर हात टेकतो आणि पिवळा दिवा लावतो.

ही सारी मीमांसा आज मी सुसंगतपणे मांडतो आहे. त्या वेळी आमच्या वाहनतळावर अण्णांच्या गाडीभोवती जी परिषद भरली होती, तीत सुसंगतीला मज्जाव होता. एकाने सगळा दोष पेट्रोलमधील इथेनॉलवर ठेवला. अलीकडे गाडीला काहीही झाले, अगदी टायर पंक्चर झाला तरी, इथेनॉलचे नाव घेतले जाते, आणि या एकाच बाबतीत थोडे तथ्यही होते. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असल्यामुळे त्याच्या मिश्रणाला हवा कमी आणि इंधन जरा अधिक लागते, त्यामुळे हुजूरला रतीब थोडा वाढवावाच लागतो. पण तेवढ्याने दिवा लागावा तर आमच्या वाहनतळावर रोज दिवाळी साजरी झाली असती. दुसऱ्याने उंदरांनी वायरी कुरतडल्याचा सिद्धांत मांडला आणि पुराव्यादाखल स्वतःच्या गाडीतील लेंड्यांचे छायाचित्र सर्वांना दाखविले. संस्थेच्या चिटणीसांनी मात्र गुडघ्यावर बसून, मागच्या बाजूला गंजून भोक पडलेल्या सायलेन्सरकडे विजयी मुद्रेने बोट केले.

ते भोक होते, यात शंका नव्हती. अण्णांची गाडी बहुधा घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढीच धावे, आणि अशा गाडीचा सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी तयार होते. लांबचा पल्ला असेल तर ते वाफ होऊन निघून जाते, मंडईच्या पल्ल्यात ते सायलेन्सरच्या पोटात साचून राहते आणि सावकाश लोखंड खाते. वरून आमच्या भागातील गतिरोधक. ते महानगरपालिकेने बांधले की शेजारच्या मंगल कार्यालयाने, हे कोणालाच ठाऊक नाही. पण त्यांची उंची पाहता बांधणाऱ्याने मोटारगाडी केवळ वरून पाहिलेली असावी.

शेवटी गाडी नाना पेठेच्या एका बोळातील मिस्त्रींकडे न्यावयाची ठरले. सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेल्या त्या पेठेत प्रत्येकजण प्रत्येकाला ‘ओरिजिनल’ या विशेषणाची शपथ घालून काहीतरी विकत असतो. मिस्त्री मात्र काहीच विकत नव्हते आणि फारसे बोलतही नव्हते. चिटणीसांनी दाखविलेले भोक त्यांनाही दाखविण्यात आले. त्यांनी मान हलविली. “हे वेल्ड करून घेऊ, पण दिवा याचा नाही. सेन्सर पार पुढं आहे, हे भोक पार मागं. मागचं भोक नुसता आवाज करतं, साहेब. खोटं बोलतं ते पुढचं.” मग त्यांनी इंजिनावर हात ठेवला, तो गरम लागला, आणि बोनेट मिटवून ते म्हणाले, “गाडी गार असताना आणा.”

या तीन-चार शब्दांनी अण्णा मोठ्या पेचात पडले. गाडी गार असताना आणावयाची म्हणजे न चालविता आणावयाची, आणि न चालविता ती येणार कशी, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बैल जुंपण्यापर्यंत चर्चा गेल्यावर मिस्त्रींनी, गाडी रात्रभर येथेच राहू द्या, असा तोडगा सुचविला. अण्णांनी गाडी ठेवल्याची पोच मागितली. मिस्त्रींनी ती पिस्टनच्या रिंगच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणावर लिहून दिली आणि ते झाकण आजही नस्तीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकमहाशयांसह आम्ही तेथे हजर झालो. हे आमच्या इमारतीतले पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. कोणतीही वस्तू बिघडली की दुरुस्तीस नव्हे, तर तत्त्वनिर्णयास येतात. मिस्त्रींनी गाडी सुरू केली, कामावरच्या पोऱ्याला हाताने गप्प केले आणि आम्हा सर्वांना इंजिनावर वाकविले. इंजिनाच्या घरघरीखालून बारीक, कोरडा आवाज येत होता: टिक्, टिक्, टिक्, टिक्. इंजिनाला रेज दिली की तो जलद होई, सोडली की मंद. पाचेक मिनिटे गेली आणि तो क्षीण होत होत नाहीसा झाला. “लोखंड तापलं, फुगलं, फट मिटली,” मिस्त्री म्हणाले, “तुमची गाडी कंपनीत नेहमी गरमच पोचते, मग त्यांना काय ऐकू येणार?” फट मिटली असे ते म्हणाले तरी ती पुरती मिटत नाही, आवाज करण्याइतकी राहत नाही एवढेच, ही गोष्ट त्यांनी लगेच स्कॅनर लावून दाखविली. हा स्कॅनर दुरुस्तीकेंद्रातल्या स्कॅनरच्या मानाने दरिद्री दिसत होता. पण तेथल्या तरुणाने त्यातून केवळ संकेत वाचला होता, मिस्त्रींनी आकडे वाचले. गाडी नुसती उभी राहून चालत असता हुजूरने पेट्रोलचा रतीब शेकडा २२ ने वाढविलेला दिसत होता. इंजिन मिनिटास २५०० फेऱ्यांवर नेऊन धरले तेव्हा तीच वाढ शेकडा ८ वर आली. पेट्रोलचा पंप अशक्त असता तर जोर लावल्यावर तंगी वाढली असती. येथे ती घटत होती. म्हणजे कोठून तरी हवा शिरत होती, आणि धुराचा लोंढा वाढला की तिचे प्रस्थ कमी होत होते. हवा इंजिनाच्या तोंडातूनही शिरू शकते, म्हणून त्यांनी आत जाणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांवर साफसफाईच्या द्रव्याचा फवारा एकेक करून मारला. इंजिनाची चाल जराही बदलली नाही. तोंड निर्दोष ठरले.

मग त्यांनी अण्णांकडे तो जुना सेन्सर मागितला. अण्णांनी मुद्देमाल हलविण्यास नियमाप्रमाणे थोडी कुरकुर करून पाकीट फोडले. सेन्सर शेगड्यात आवळण्यात आला, त्याच्या तारांना मल्टिमीटर जोडण्यात आला आणि पोऱ्याने ब्रेझिंगची गॅसची ज्योत त्याच्या टोकावर धरली. आधी काहीच घडले नाही. तो तापल्याखेरीज बोलत नाही, हे वर आलेच आहे. टोक लालसर होऊ लागले आणि आकडा चढू लागला: ०.३, ०.६, ०.८५. ज्योत बाजूला केली की झरकन खाली, पुन्हा धरली की वर. मिस्त्रींनी हे पुन:पुन्हा केले आणि दर खेपेस अण्णा आकडा टिपून घेत राहिले. सेवेतून बडतर्फ करून खाकी पाकिटात डांबलेला वाकनीस अंगाला आग लावली तरी तीच साक्ष देत होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या कचेरीतील कोणा जुन्या चौकशीचे स्मरण त्यांना झाले असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटले.

प्राध्यापकांचा आक्षेप निराळा होता. धुराच्या नळीत दाब असतो, दाब असलेल्या नळीला भोक पडले तर आतले बाहेर जाईल, बाहेरचे आत येणे पदार्थविज्ञानास मान्य नाही, सबब मिस्त्रींची उपपत्ती मुळातच अग्राह्य आहे, असे त्यांनी उभ्या उभ्या सिद्ध केले. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “सर, मंगल कार्यालयात पंगत उठते बघा. सगळे एकदम दाराबाहेर लोटतात, आणि त्यांची पाठ फिरली की क्षणभर दारात कोणीच नसतं. बोलावणं नसलेला माणूस नेमका तेव्हा शिरतो.” याहून चांगले स्पष्टीकरण मला पुढे ग्रंथांतही सापडले नाही. धूर नळीतून अखंड धारेने वाहत नाही. प्रत्येक सिलिंडर आपली पंगत उठवितो आणि धुराचा एकेक गोळा बाहेर फेकतो. त्या गोळ्याच्या वेगामुळे त्याच्यामागे दाब क्षणमात्र बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि तेवढ्या अवधीत चिरेतून हवा आत ओढली जाते. इंजिन संथ चालत असताना दोन पंगतींतले अंतर मोठे, म्हणून आगंतुकांना सवड अधिक. २२ आणि ८ या आकड्यांतील तफावतीचा उलगडा हाच. प्राध्यापकांनी ‘सरासरी दाब’ आणि ‘क्षणिक दाब’ असा भेद करून आपले मूळ विधान सरासरीपुरते खरे असल्याचे जाहीर केले आणि ते कोणी खोडून काढले नाही.

फट नेमकी कोठे आहे हे पाहण्यासाठी इंजिन पुन्हा गार होऊ देण्यात आले. मधल्या वेळात चहा झाला. आणि अण्णांनी खिशातून गाडीचा पीयूसीचा दाखला काढून दाखविला. या सर्व काळात गाडीचा धूर कायद्याच्या दृष्टीने समाधानकारक असून दाखल्याची मुदतही संपलेली नव्हती. नंतर मिस्त्रींनी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली हवेची नळी खोचली, मागच्या भोकावर ओली गोणी दाबून धरण्यास चिटणीसांना बसविले, हवा अगदी थोडी सोडली, आणि साबणाचे पाणी ब्रशने सांध्यासांध्यांवर लावीत ते पुढे सरकू लागले. मधला सांधा, कन्व्हर्टरची तोंडे, सेन्सरचे बूड, सर्व स्वस्थ. मॅनिफोल्ड जेथे इंजिनाच्या हेडला टेकते तेथे तिसऱ्या सिलिंडरपाशी ब्रश पोहोचला, आणि तेथल्या फेसात एक बुडबुडा उगवला, वाटाण्याएवढा झाला, फुटला, त्याच जागी दुसरा उगवला. मिस्त्रींनी उष्णतेचा पत्रा सोडवून बॅटरीचा झोत टाकला. पांढुरक्या ॲल्युमिनियमवर फटीपासून निघालेला काजळीचा एक बारीक काळा पट्टा वर गेलेला होता, आणि त्याच्या शेजारचा एक स्टड नटासकट नाहीसा झाला होता. तापून आणि निवून तो केव्हा तुटला आणि कोणत्या गतिरोधकावर पडला, हे नस्तीत नमूद नाही. पॅकिंग त्या कोपऱ्यात जळून चुरा झाले होते.

दुरुस्ती निदानाच्या मानाने अगदीच निरस होती: तुटका तुकडा काढला, नवा स्टड बसविला, मॅनिफोल्डचे तोंड घासून सपाट केले, नवे पॅकिंग घातले. त्यात सांगण्याजोगे एकच घडले. पोऱ्याने पॅकिंगवर लावण्यासाठी तांबड्या सिलिकॉनची ट्यूब उघडली आणि मिस्त्रींनी त्या सकाळी प्रथमच आवाज चढविला. त्या सिलिकॉनची वाफ धुराबरोबर सेन्सरवर जाऊन बसते, त्याच्या टोकावर पांढरी पुटे चढतात आणि मग तो खरोखरच आंधळा होतो. म्हणजे ज्याला निष्कारण शिक्षा झाली त्याला निर्दोष ठरविल्यावर विष देण्याचा हा प्रकार, आणि तो हौसेने करणारी गॅरेजे या शहरात मुबलक आहेत, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले.

दिवा विझला, दुसऱ्या आठवड्यातही विझलेलाच राहिला, आणि लिटरमागचा आकडा १८ च्या जवळ आला. अण्णांनी तसा शेरा मारला. पण नस्ती बंद करण्यात एक अडचण उरली. गाडीत नवा सेन्सर होता, पाकिटात जुना होता, दोघेही निर्दोष होते, आणि एकाच पदावर दोन इसम असल्याचे अण्णांच्या सेवेच्या काळात कोणत्याही लेखापरीक्षकाने खपवून घेतले नसते. ते पाकीट घेऊन पुन्हा नाना पेठेत गेले आणि या मुद्देमालाची विल्हेवाट कशी लावावी याविषयी त्यांनी मिस्त्रींचा सल्ला विचारला.

“डिकीत ठेवा, अण्णा,” मिस्त्री एका जीपखालून म्हणाले. “पुढच्या सर्व्हिसला कंपनीवाले सेन्सर गेलाय म्हणतील, तेव्हा हा द्या बसवायला. तोपर्यंत गाडीतला काढलेला जुना होईल.”